दुरुक्तीचे सहन आणि अन्यायाचे सहन

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, २२ व्या अध्यायाच्या अखेरीस, उद्धवदेव भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींना विचारतात की दुर्जनांनी केलेली अवहेलना सोसावी तरी कशी? उद्धवदेवांसारख्या अधिकारी पुरुषाला हा प्रश्न पडावा, यावरूनच त्याचे काठिण्य ध्यानात यावे. भगवंतही तो सोपा असल्याचे दाखवीत नाहीत. मर्मी लागलेल्या बाणापेक्षा दुर्जनाचे शब्द अधिक दाह करतात, हे ते प्रथम मान्य करतात आणि मगच पुढच्या अध्यायात अवंती नगरीच्या भिक्षूची कथा सांगतात. आमच्या पंथात ज्यावर कवीश्वर भास्करभट्टांची 'उद्धवगीता' निर्माण झाली व जी साती ग्रंथांत गणली जाते, तो स्कंध हाच.

आजच्या वासनिकाला हा प्रश्न अरण्यात नव्हे, कचेरीत पडतो. तहसील कचेरीतील एखादा कारकून घ्यावा. साहेब त्याला भेटीस आलेल्या लोकांसमक्ष मूर्ख म्हणतो. त्याने मांडलेली टिपणी न वाचताच परत फेकतो. आजारी आईसाठी मागितलेली रजा नामंजूर करतो. सायंकाळी सहाच्या सुमारास नवे काम देऊन सकाळी त्याचा जाब विचारतो. पुढे कारणे दाखवा नोटीस येते. रात्री अंथरुणावर पडलेला हा मनुष्य नामस्मरणास बसल्यासारखा ओठ हलवीत असतो, पण मनात चाललेले असते साहेबाला द्यावयाचे उत्तर! हा क्लेश केवळ भावनेचा नव्हे. लंडनमधील सरकारी नोकरांची जी दीर्घ पाहणी १९६७ साली सुरू झाली आणि १९८५ पासून पुन्हा नव्याने हाती घेण्यात आली, तीत असे आढळले की खालच्या श्रेणीच्या नोकरांत हृदयविकार अधिक, आणि आपल्या कामावर स्वतःचा ताबा नसणे हे त्याचे एक कारण. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याची नोंद केली. मात्र त्यास रोग न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले. 'मन घट्ट करावे' असा उपदेश करून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता भिक्षूची कथा. शेती-व्यापारावर धनाढ्य झालेला हा कृपण ब्राह्मण सर्वस्व गमावून विरक्त झाला. गावोगावी लोकांनी त्याचा दंड पळविला, पात्र पळविले. दिलेसे करून पुन्हा हिसकावले. नदीकाठी जेवावयास बसला असता त्याचे अन्न विटाळले. चोर म्हणून दोरीने बांधले. तेव्हा तो शोध करू लागला की या दुःखाचे कारण कोण? लोक, देवता, आत्मा, ग्रह, कर्म, काळ असे सहा पक्ष त्याने एकेक करून तपासले, सहाही सोडले, आणि मन हेच कारण ठरविले.

येथे आमच्या वाचकाने जरा थांबले पाहिजे, कारण बहुतेक प्रवचनांत ही कथा येथेच संपते आणि श्रोता 'दोष माझ्याच मनाचा' असे समजून घरी जातो. लोकांचा पक्ष सोडताना भिक्षू जी युक्ती वापरतो, तीत आपल्याच दातांनी जीभ चावली गेली तर कोणावर रागवावे, असा दृष्टान्त येतो. हा दृष्टान्त सर्वत्र एकच आत्मा मानणाऱ्यास शोभतो. सर्वज्ञांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परांहून भिन्न आहेत. जीवही अनंत आहेत. मग साहेब हा कारकुनाचा दात नव्हे आणि कारकून साहेबाची जीभ नव्हे. एक जीव दुसऱ्या जीवाला खरोखरीच पीडा देत आहे, आणि हिंसेचा विचार आमच्या शास्त्रात जितका सूक्ष्म आहे तितका पाहता ही वाचिक पीडा हिंसेबाहेर ठेवता येत नाही. तेव्हा कथेतील मनोविचार घ्यावा. पीडा देणाराला नाहीसा करणारी युक्ती मात्र आमच्या कामाची नाही.

'पूर्वकर्माचे फळ आहे, भोगावे' असेही सांगितले जाते. कर्मफळ भोगावे लागते हे सिद्धच आहे. परंतु भोगणाऱ्याने स्वतःविषयी असे म्हणणे निराळे आणि शेजाऱ्याने त्याला ते ऐकविणे निराळे. पहिल्याने मन शांत होते. दुसऱ्याने पीडकाला मोकळीक मिळते. शिवाय भोगणाराचे जुने कर्म सरत असेल, पण देणाराचे तर नवे जोडले जात आहे. आणि ते जोडू न देणे ही त्याच्यावरही दयाच ठरते.

दुसरा भेद अधिकाराचा. तो भिक्षू एकटा होता. स्वदेश, स्वग्राम, आप्त यांचा संबंध सोडण्याचा जो आचार सर्वज्ञांनी सांगितला, तो अनुसरलेल्यासाठी. त्याला एक गाव त्रासदायक झाले तर दुसरे मोकळे असते. वासनिकाच्या पगारावर चार जणांचे अन्न आहे, मुलीचे शिक्षण आहे. त्याने भिक्षूप्रमाणे सारे अंगावर घ्यावे असे म्हणणे म्हणजे त्याच्या वतीने त्याच्या मुलांनाही संन्यास देणे होय.

म्हणून दुरुक्ती सोसणे आणि अन्याय सोसणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. 'मूर्ख' हा शब्द सोसता येतो. पण खोट्या नोंदीवर सही करा असा हुकूम झाला, तर तेथे क्षमेचा प्रश्नच उरत नाही, कारण पीडा आता तिसऱ्याला, ज्याचा सातबारा बिघडणार आहे त्या शेतकऱ्याला होणार असते. अशा वेळी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांचा आधार घेण्यात काहीच अधर्म नाही. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, आणि तोंडी मिळाल्यास कर्मचाऱ्याने तो लेखी कायम करून मागावा, असे त्यांत आहे. नम्रपणे दोन ओळींचे पत्र लिहून ते आवक-जावक नोंदवहीत चढविणे ही भांडणाची रीत नव्हे. गोपनीय अहवालात शेरा मारला असेल तर तो कळविला गेलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या प्रकरणात म्हटले आहे. स्त्री कर्मचाऱ्यास लैंगिक स्वरूपाचा त्रास होत असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तेथे कोणी क्षमेचा उपदेश करू नये, महंतांनी तर मुळीच नाही.

तक्रार करणारा मनात द्वेष धरीलच, ही भीती मात्र खरी आहे. त्यावर पंथाच्याच इतिहासात पाहण्यासारखे काही आहे. यादवांच्या दरबारातील श्रीकरणाधिप हेमाद्री हा आजच्या भाषेत एक मोठा कार्यालयप्रमुखच. व्रत-दानादि धर्मविषयांवर त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा प्रचंड ग्रंथ केला, आणि तरीही सर्वज्ञांविषयीचा त्याचा द्वेष परंपरेत प्रसिद्ध आहे. स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यांभोवती जमलेल्या मंडळीने हेमाद्रीचा हिशेब मांडीत आयुष्य घालविले नाही. म्हाइंभट ज्याने जी लीळा पाहिली-ऐकली त्याच्याकडे जाऊन ती विचारीत हिंडले, आचार्यांकडून शोधून घेत राहिले, पाठभेदही टिपून ठेवले. दुखावलेल्या मनाला असे काम लागते. कारकुनालाही रोजच्या पारायणाचा एक ठराविक वेळ, साहेबाचे नाव न निघणारी एखादी संगत आणि पुरेशी झोप लाभली, तर तक्रारीचा कागद कपाटात राहतो, उशाशी येत नाही.

हे न साधल्यास राग वरून खाली वाहू लागतो. साहेबाने झिडकारलेला कारकून दुपारी शिपायावर खेकसतो, आणि दाखल्यासाठी २० मैलांवरून आलेल्या म्हाताऱ्याला मान वर न करता 'उद्या या' म्हणतो. त्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने कचेरीतला दुष्ट अधिकारी तोच असतो. आत बसलेल्या साहेबाचे नावही त्याला ठाऊक नसते.