श्रद्धेची किंमत कोणी मोजायची? : बॅझिल मिचेल यांच्या एका दृष्टांताविषयी

श्रद्धा पुराव्याच्या बळावर उभी असते की पुराव्याला न जुमानता टिकते, हा प्रश्न धर्मचिंतनापुरता मर्यादित नाही. संहितेचा अन्वयार्थ लावणाऱ्या प्रत्येकाला तो निराळ्या रूपात सामोरा येतो. त्यामुळे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ बॅझिल मिचेल (१९१७–२०११) यांचे लेखन साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारात घ्यावे असे आहे. महायुद्धात नौदलात राहिलेले मिचेल १९४७ पासून कीबल महाविद्यालयात शिकवत होते. पुढे १९६८ ते १९८४ या काळात ख्रिस्ती धर्माच्या तत्त्वज्ञानाचे नोलॉथ अध्यासन त्यांच्याकडे होते.

अँटनी फ्ल्यू यांनी आस्तिकांपुढे एक पेच टाकला होता : काय घडले तर ‘ईश्वर आपल्यावर प्रेम करतो’ हे विधान तुम्ही मागे घ्याल? काहीही घडून ते मागे घेतले जाणार नसेल, तर त्या विधानाला आशयच उरत नाही. फ्ल्यू आणि ॲलस्डेर मॅकिन्टायर यांनी १९५५ मध्ये संपादित केलेल्या निबंधसंग्रहात हा वाद समाविष्ट आहे. त्यात मिचेल यांनी उत्तरादाखल एक दृष्टांत मांडला आहे. परक्या सत्तेने व्यापलेल्या देशात प्रतिकार-चळवळीतील एका कार्यकर्त्याला एका रात्री एक अनोळखी माणूस भेटतो. ‘मी तुमच्याच बाजूचा आहे, काहीही झाले तरी माझ्यावर विश्वास ठेव’, असे तो सांगतो. त्या एका भेटीने कार्यकर्ता भारावून जातो. पुढे तो माणूस कधी चळवळीला मदत करताना दिसतो, तर कधी पोलिसांच्या गणवेषात देशभक्तांना शत्रूच्या हवाली करताना. कार्यकर्ता तरीही म्हणत राहतो, ‘तो आपलाच आहे.’

या दृष्टांताचे मर्म कार्यकर्त्याच्या निष्ठेपेक्षा त्याच्या अस्वस्थतेत आहे. विरोधी पुरावा विरोधीच आहे, हे तो नाकारत नाही; मात्र तो निर्णायक आहे, असे मानत नाही. निर्णायकतेची रेषा आधीच आखून देता येत नाही, हे मिचेल यांचे म्हणणे. पण जी श्रद्धा विरोधी पुराव्याचा भार अंगावर घेतच नाही, ती पोकळ सूत्र बनते, हेही त्यांना मान्य आहे. अश्रद्धेचा आक्षेप अशा रीतीने श्रद्धेच्या आतच वस्तीला येतो.

‘द जस्टिफिकेशन ऑफ रिलिजस बिलीफ’ (१९७३) या ग्रंथात मिचेल यांनी ही भूमिका विस्ताराने मांडली. आस्तिक आणि नास्तिक यांच्यातील वाद त्यांना एखाद्या संहितेच्या दोन अर्थनिर्णयांमधील वादासारखा वाटतो. एकेकटा पुरावा अपुरा असला, तरी अनेक पुरावे मिळून एका वाचनाकडे कौल देऊ शकतात. समीक्षकाला ही प्रक्रिया परिचित आहे. न जुळणारी ओळ ‘उपरोध’ म्हणून बाजूला सारण्याचा मोह, आणि तिच्यापाशी थांबून आपले वाचनच तपासण्याचे धैर्य, ही दोन्ही त्याच्या अनुभवाची असतात.

तथापि या साम्याला एक मर्यादा आहे, आणि मूळ नैतिक प्रश्न तेथेच उद्भवतो. कवितेचे वाचन चुकले, तर कोणाचा जीव जात नाही. दृष्टांतातील देशभक्त मात्र खरोखर पकडले जातात. रात्रीची ती भेट त्यांच्या वाट्याला आलेली नाही, आणि त्यांच्या घरच्यांना दृष्टांतात आवाज नाही. कार्यकर्त्याची व्यथा खरी असली, तरी विश्वास त्याचा आणि किंमत दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे. स्वतःच्या दुःखाविषयी ‘यातही काही हेतू असेल’ असे म्हणण्याचा अधिकार श्रद्धावंताला निःसंशय आहे. तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाविषयी उच्चारले, की त्याची जात बदलते.

मिचेल यांच्या युक्तिवादाने फ्ल्यू यांना उत्तर मिळते, असे मला वाटते. पकडल्या गेलेल्यांच्या घरच्यांना ते मिळत नाही. श्रद्धेच्या प्रामाणिकपणाची कसोटी श्रद्धावंताच्या अस्वस्थतेपाशी संपत नाही. त्या घरच्यांसमोर उभे राहून ‘तो आपलाच आहे’ हे वाक्य उच्चारता येते का, येथे ती लागते.