अडविणाऱ्याचा धर्म

अडविण्याच्या दोन कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकल्या आहेत. पहिली वैकुंठाच्या दाराशी घडली. सनकादिक भगवंताच्या दर्शनास निघाले असता जय आणि विजय या द्वारपाळांनी त्यांस वाटेत अडविले. त्यावरून शाप झाला आणि दोघांना तीन जन्म भगवंताचे वैरी होऊन काढावे लागले. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्त्र हे ते तीन जन्म. दुसरी कथा चंद्रभागेच्या तीरी घडली. पुंडलीक आईबापांची सेवा करीत बसला होता आणि दाराशी साक्षात देव येऊन उभा राहिला. पुंडलीक उठला नाही. वीट पुढे टाकली आणि म्हणाला, देवा, थांबा जरा. त्याला कोणी शाप दिला नाही. उलट देव त्या विटेवर आजतागायत उभा आहे.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, कृती दोन्हीकडे एकच झाली. दोघांनीही येणाऱ्याला अडविले. जय-विजयांनी तर संतांनाच अडविले, पुंडलिकाने प्रत्यक्ष देवाला. वरवर पाहता पुंडलिकाचा अपराध मोठा ठरावयास हवा. मग एकाचे पतन का झाले आणि दुसऱ्याचा उद्धार का झाला?

हा प्रश्न आम्हांस नुसत्या पोथीतून सुचलेला नाही. राजुऱ्याकडे सप्ताहाला आमचा मुक्काम होता. राजुरा म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडचा मुलूख. हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. सागवान, मोह, टेंभुर्णीची राने, आणि त्या रानांतच जुने गड नि पडकी देवळे. माणिकगड हा डोंगरी किल्ला याच बाजूचा. पूर्वी तो राजुरा तालुक्यात मोडे, आज जिवती तालुक्यात आहे. नागवंशी राजांच्या नावाशी त्याचे नाते सांगतात. गड रानात असल्यामुळे, जो रान राखतो त्याला गडही राखावा लागतो.

तर तेथे एका माळकऱ्याचा मुलगा कीर्तन आटोपल्यावर आमच्याकडे आला. वनरक्षकाचे काम तो नव्यानेच शिकत होता. उन्हाळाभर त्याला जुन्या जाणत्या रक्षकांबरोबर रानात हिंडविले होते. म्हणाला, "महाराज, रानातल्या पडक्या देवळात एक बुढी शेंदूर घेऊन आली होती. दगडावर जुनं कोरीव काम हाये. मी तिले अडवलं. बुढी रडत गेली. आता मले पाप लागन का?"

पोराचा प्रश्न साधा, पण उत्तर साधे नाही. म्हणून त्याचा ऊहापोह या ठिकाणी करीत आहोत.

प्रथम, तो काय शिकत होता ते पाहू. वनरक्षक होण्यासाठी चालण्याची कसोटी असते. पुरुषाने चार तासांत २५ किलोमीटर आणि स्त्रीने १६ किलोमीटर चालून दाखवावयाचे. वारकऱ्याला हा आकडा ऐकून कौतुक वाटेल, कारण आळंदीहून पंढरीला पायी जाणाऱ्यालाच चार तासांत २५ किलोमीटर म्हणजे काय ते कळते. पुढे उन्हाळ्याचे खरे शिक्षण. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचावयास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात आणि तो वणवा रानभर जातो. म्हणून आगीला वाट मिळू नये यासाठी जाळरेषा काढणे, पाणवठ्यांवर लक्ष ठेवणे, बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरे मोजणे, पाऊलखुणा ओळखणे. हे सारे भर उन्हात नि जिवावर उदार होऊन. राजुऱ्याच्या रानात माणसे मारणारा एक वाघ पुष्कळ खटपटीनंतर २०२० च्या ऑक्टोबरात पकडला गेला. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. तेव्हा राखणदार म्हणजे दाराशी खुर्ची टाकून बसलेला माणूस, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

आता त्या म्हातारीची बाजू. ती दुबळी आहे असे आम्ही मानीत नाही. ती म्हणेल, देव कोणाचा? खात्याचा की भक्ताचा? माझ्या सासूने शेंदूर लावला, तिच्या सासूने लावला. मूर्ती घडविली ती पूजेसाठी की पाहण्यासाठी? आणि कालचे पोर मला दाराशी अडविते! तिच्या म्हणण्याला इतिहासाचीही साक्ष आहे. देवाच्या दारी माणसाला अडविण्याचे पाप आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. चोखोबांना महाद्वाराबाहेर राहावे लागले. पंढरीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे ते दार उघडले. ज्यांनी दार बंद ठेवले तेही स्वतःला देवाचे राखणदारच म्हणवीत होते. म्हणून 'मी राखतो आहे' एवढे म्हटल्याने कोणी निर्दोष ठरत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहावे. धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत निक्षेप हे एक पद आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. ठेव ज्याच्याजवळ आहे त्याने ती वापरू नये, बदलू नये, जशी मिळाली तशी परत करावी. जुने देऊळ आणि जुना गड ही अशीच ठेव होय. ठेवणारे केव्हाच गेले आणि घ्यावयास येणारे अजून जन्मले नाहीत. मध्ये आपण आहोत. ही ठेव म्हातारीची नाही, वनरक्षकाची नाही, खात्याचीही नाही. मालक समोर उभा नसताना सांभाळलेली ठेव हीच खऱ्या प्रामाणिकपणाची कसोटी.

शेंदूर भक्तीने लावला जातो यात शंका नाही. पण तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षे चढत गेला म्हणजे दगडावर कवच होते. मूर्तीचे डोळे, बोटे, दागिने त्याखाली बुजून जातात. दिव्याची काजळी, नारळाचे पाणी, आणि अलीकडे हौसेने दिलेला तैलरंग यांनीही तीच गत होते. ज्या कारागिराने छिन्नीच्या एकेक घावात आपली भक्ती ओतली, त्याची भक्ती आपल्या भक्तीखाली पुरली जाते. एका भक्ताने दुसऱ्या भक्ताची पूजा पुसावी काय, असा हा प्रश्न आहे. आणि शेंदूर लावणारी निदान भावाने येते. गुप्तधनाच्या लोभाने रात्री पहार घेऊन येणारे, पायऱ्या उखडणारे, शिवलिंगाखाली खणणारे लोभी तर वेगळेच. त्यांच्यासाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आहे, १९६० चा महाराष्ट्राचा आहे. पण अंधाऱ्या रानात कायद्याचे पुस्तक पोचत नाही, तेथे राखणदाराचे पायच पोचतात.

येथे कोणी म्हणेल, हे सारे रानातल्या पडक्या देवळांपुरते, आमच्या पंढरीला काय त्याचे? तर आपल्या पंढरीचाच दाखला घ्या. कोट्यवधी हातांच्या स्पर्शाने आणि नित्याच्या उपचारांनी श्रीविठ्ठलाच्या चरणांची झीज झाली. ती थांबावी म्हणून पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून मूर्तीला वज्रलेप करावा लागला. अलीकडे २०२० सालीही तो झाला. पुढे २०२४ साली मंदिराच्या जतनाचे काम निघाले, तेव्हा मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत चरणस्पर्श बंद राहिला, मुखदर्शन तेवढे ठराविक वेळी चालू होते. पायाला हात लागला नाही म्हणून कोणाची वारी फुकट गेली काय? ज्याने कळसाकडे पाहून हात जोडले त्याचेही पोचलेच. तेव्हा देवाच्या अंगाला जपण्यासाठी भक्ताने हात आवरावा, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. अडविणारा जय-विजय केव्हा होतो आणि पुंडलीक केव्हा होतो? आम्हांस तीन खुणा दिसतात.

पहिली खूण ही की, अडविणाऱ्याने कशासाठी अडविले. जय-विजय सेवक होते, पण त्या क्षणी त्यांना सेवा आठवली नाही, अधिकार आठवला. दार देवाचे, पण ते 'आमचे दार' होऊन बसले. पुंडलिकाजवळ पद नव्हते, वेत्रदंड नव्हता. हातात आईबापांचे पाय होते. म्हणजे एकाने 'मी' राखला, दुसऱ्याने सेवा राखली.

दुसरी खूण, नियम सर्वांस सारखा आहे काय? म्हातारीला अडविणारा जर पाहुणे घेऊन आलेल्या साहेबाच्या मोटारीला वाट देईल, त्यांना शिल्पावर पाय ठेवून छायाचित्र काढू देईल, तर तो राखणदार नव्हे. पुंडलिकाने देवालासुद्धा सवलत दिली नाही, हे ध्यानात घ्यावे.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे वीट. पुंडलिकाने देवाला नुसते 'थांब' म्हटले नाही, उभे राहावयास जागा दिली. ज्याच्या 'नाही' बरोबर वीट नाही, त्याचा 'नाही' कोरडा. पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात, चोपदार तिच्याकडे जातो आणि ऐकून घेतो. बरे का, हे फार मोठे शिक्षण आहे. थांबविण्याचा अधिकार त्यालाच, जो न थांबणाऱ्याचे ऐकावयास चालत जातो.

रानात तर या विटेची गरज अधिक. त्या रानांत गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांचे देव झाडाखाली, दगडात, टेकडीवर आहेत. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला, पण त्यांचा देवाशी संबंध कायद्याहून पुष्कळ जुना. राखणदाराने त्यांना त्यांच्याच देवाला परके केले, तर तो सरळ जय-विजयांच्या पंक्तीस जाऊन बसला असे समजावे. आणि पूजा नि राखण एकत्र नांदत नाहीत असेही नाही. वैनगंगेच्या काठचे मार्कंड्याचे देऊळ केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, तरी महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरतेच. देव पूजेत आहे आणि दगडही राखला जातो आहे. वाट काढावयाची म्हटली म्हणजे निघते.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले. बाबा रे, अडविल्याचे पाप तुला नाही. पण बुढी रडत गेली, तेवढे काम तुझे अपुरे राहिले. तिला विचार, कोणता नवस आहे, कोणत्या दिवशी येतेस. कोरीव दगडापासून दूर एखादा साधा दगड मांडण्याची परवानगी तुझ्या साहेबांकडे माग. तेथे ती शेंदूर लावील, नारळ फोडील. मग तिला हाताला धरून आत ने आणि शेंदराखाली गेलेले नि शेंदराविना राहिलेले, अशी दोन्ही शिल्पे दाखव. बायाबापड्यांना पारख नसते असे समजू नको. जिने आयुष्यभर चिमटीने मोहफूल उचलले, तिला बारीक काम कळते. एकदा कळले म्हणजे तीच त्या देवळाची राखण करील, आणि तुझ्यापेक्षा चांगली करील, कारण तू बदलून जाशील, ती तेथेच राहणार.

आणि वाचकहो, आपल्यासाठीही एक गोष्ट आहेच. आपण यात्रेला जातो, वाटेत जुनी देवळे लागतात, गड लागतात. कोणी खाकी कपड्यातले पोर उन्हात उभे राहून म्हणते, "माउली, हात लावू नका." तेव्हा आपण चिडतो, 'आम्ही वारकरी' असे सांगतो. ते सांगणे जय-विजयांचेच होय. फरक इतकाच की, या वेळी अभिमान दाराच्या बाहेर उभा असतो. पुंडलिकाने थांब म्हटल्यावर देवाने आपली ओळख सांगितली नाही. कमरेवर हात ठेवले आणि उभा राहिला. ज्या देवाला आपण भेटावयास निघालो, त्याला थांबता आले. तर आपल्यालाही क्षणभर थांबता यावे, आणि उन्हात उभ्या त्या पोराला घोटभर पाणी विचारता यावे.