घाऊक फेरफार

एका माणसाच्या नांवापुढें 'मयत' असा शेरा लिहिणें आणि दहा हजार नांवांपुढें तो एकाच हुकुमानें लिहिणें, ह्या दोन कृत्यांत भेद केवळ संख्येचा आहे, कीं जातीचा? प्रश्न दिसतो तितका पंडिती नाहीं. हल्लीं कचेऱ्यांतून आणि पेढ्यांतून कृत्रिम बुद्धीचीं जीं यंत्रें 'एजंट' ह्या नांवानें कामास लागलीं आहेत, त्यांच्या हातीं नोंदींचा सबंध गठ्ठा एका दमांत बदलण्याचें साधन देतां येतें. त्या साधनासोबत एक छोटेखानी टीप असते: हें साधन काय करतें, त्यास काय पुरवावें, कोठें तें अडतें. यंत्र साधन चालवितें तें ह्या टिपेच्या भरंवशावर. अशी टीप लिहिणें हें आम्ही कारकुनी काम समजत नाहीं; तें नैतिक कृत्य आहे असें आमचें मत आहे.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत सातबारा हा शब्द ज्यास ठाऊक नाहीं असें शेतकऱ्याचें घर सांपडणें कठीण. सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमान्वयें नोंद बदलण्याची रीत ठरलेली आहे. खातेदार वारला म्हणजे वारसाची वर्दी तलाठ्याकडे जाते (सन २०२४ पासून त्याचें सरकारी नांव ग्राम महसूल अधिकारी झालें, गांव अजून तलाठीच म्हणतें). फेरफाराच्या वहींत नोंद होते, चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधी लोकांस कळविलें जातें, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि अखेर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही रीत संथ आहे. मेलेल्या आज्याच्या नांवावर जमीन राहिली म्हणजे नातवाचें पीककर्ज अडतें, हेंही खरें. म्हणून सन २०२५ मध्यें सरकारनें 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढली, प्रथम बुलढाण्यांत आणि मग १ एप्रिलपासून राज्यभर. हेतु निःसंशय चांगला.

तथापि ते पंधरा दिवस कोणासाठीं असतात, ह्याचा विचार करावा. जो वर्दी देतो तो चावडींतच उभा असतो. त्यास ते नकोच असतात. ते असतात दूर दिलेल्या बहिणीसाठीं, मुंबईस गेलेल्या भावासाठीं, म्हणजे जें माणूस त्या वेळीं तेथें नाहीं त्याच्यासाठीं. घाईंत पहिला बळी जातो तो अनुपस्थिताचाच.

आतां असें काम उद्यां एखाद्या यंत्रावर सोंपविलें असें समजूं. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' म्हणून एक रकाना असतो. कुळाचा हक्क, सोसायटीचा बोजा, एखाद्या बाईचा हिस्सा हीं तेथें नोंदलेलीं असतात. मराठवाड्यांत कुळांचा प्रश्न सन १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यापासूनचा. यंत्रास खातेदाराचें नांव बदलावयाचें आहे. इतर अधिकारांविषयीं त्यास कांहीं सांगितलेलें नाहीं, म्हणून तें ती जागा रिकामी पाठवितें. ह्या रिकाम्या जागेचा अर्थ काय? 'आहे तें राहूं द्या' असा, कीं 'पुसून टाका' असा? साधन घडविणाऱ्यांपैकीं कोणी एक अर्थ घेतो, कोणी दुसरा, आणि दोघांचेंही म्हणणें सयुक्तिक असतें. टिपेंत एवढें एक वाक्य राहिलें तर यंत्र तर्क करील. तलाठीही तर्क करतो, पण त्यास शंका आली तर तो पारावर बसलेल्या कोणा म्हाताऱ्यास विचारतो. यंत्रापुढें पार नाहीं, टीप आहे.

तसेंच अर्धवट यशाचें. पांचशें नोंदींपैकीं चाळीस नाकारल्या गेल्या, तर उरलेल्या चारशें साठ पक्क्या झाल्या, कीं सर्वच मागें आल्या? तोच गठ्ठा पुन्हां पाठविला तर कोणाचा हिस्सा दुप्पट होईल काय? आणि काय बदलूं नये, हें तर कोणी लिहीतच नाहीं. हिंगोली जिल्हा परभणींतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. वसमतास १९७५ सालीं जन्मलेल्याच्या दाखल्यावर 'जिल्हा परभणी' असेंच आहे, आणि तें बरोबर आहे. तेथें हिंगोली लिहिणें ही दुरुस्ती नव्हे, खोटेपणा होय. घाऊक दुरुस्तीस मात्र तो कळणार नाहीं.

कोणी म्हणेल, सुरी घडविणाऱ्यास खुनाचा दोष देत नाहींत. खरें, परंतु सुरी चालविणाऱ्यास समोरचा गळा दिसतो. येथें चालविणाऱ्यास टिपेपलीकडे कांहींच दिसत नाहीं, आणि जेथें सर्व ज्ञान एकाच्या लेखणींत कोंडलेलें आहे तेथें जबाबदारीही तिकडेच सरकते. टीप लांबविल्यानें मात्र ती चांगली होते असें नाहीं. दहा पानांच्या पाल्हाळांत महत्त्वाचें वाक्य बुडालें तर तें न लिहिल्यासारखेंच.

आझमगडच्या लाल बिहारी ह्या शेतकऱ्यास महसुली दप्तरांत मृत दाखविलें गेलें, आणि आपण जिवंत आहों हें सिद्ध करण्यास त्यास १९९४ साल उजाडलें. तेथें लबाडी होती. यंत्राच्या ठायीं लबाडी नाहीं, ह्यांत कित्येकांस समाधान वाटतें. आम्हांस वाटत नाहीं. लबाडी असली तर निदान धरावयास माणूस असतो. आपल्याच संहितेचें १५७ वें कलम सांगतें कीं अधिकार अभिलेखांतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. म्हणजे चूक करावयास एक क्षण, आणि ती चूक आहे हें दाखविण्याचें ओझें ज्याचें नुकसान झालें त्याच्याच डोक्यावर. दहा हजार अशीं ओझीं एका क्षणांत वांटतां येतात, हाच आमच्या मतें संख्येचा जातींत होणारा पालट.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर गेलेल्या खातेदाराचें नांव पुसून टाकीत नसत. त्यास कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळांत लिहीत, म्हणजे कोणासही मागें जाऊन वाचतां येई. घाऊक साधन जुनी नोंद राखतें कीं नाहीं, आणि राखीत असल्यास ती परत कशी आणावी, हें त्याच्या टिपेच्या पहिल्याच ओळींत असावें. राखीत नसल्यास तेंही तेथेंच, स्पष्ट अक्षरांत.