छंद कोणता आणि व्यसन कोणते?

मागे एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन झाले. आरती आटोपली, हार उतरवून आम्ही बसतो न बसतो तोच एक माउली पुढे आल्या. म्हणाल्या, "महाराज, आमचं पोरगं रात्र रात्र संगणकावर खेळत बसतं. जेवायला हाक मारली तर ओ देत नाही. ह्याला व्यसन म्हणायचं का हो?" आम्ही ताडकन सांगून मोकळे झालो, "व्यसन नाही तर काय! त्या तारा आधी तोडून टाका." तो मुलगा शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "महाराज, एकादशीला तुम्ही रात्रभर टाळ वाजवता. मग ते काय?"

मंडळी हसली, आम्हीही हसलो. पण मुक्कामी गेल्यावर झोप येईना. पोराचा प्रश्न उद्धट नव्हता, खरा होता. आणि उत्तर न देता आम्ही हसण्यावारी नेला होता. तेच उत्तर आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्द पाहू. जे माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, असा अर्थ कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितला आहे. मनुस्मृतीत कामापासून उपजणारी दहा व्यसने मोजली आहेत. त्यांत शिकार आहे, द्यूत आहे, मद्य आहे. आणि त्याच ओळीत गायन, वादन आणि नर्तनही आहे! म्हणजे मनूच्या यादीतून आमचा टाळ-मृदंगही सुटला नाही. ह्याचा अर्थ एवढाच की, नुसती वस्तू पाहून व्यसन ठरत नाही. ती वस्तू माणसाचे काय करते, हे पाहावे लागते.

आता हे खेळ काय आहेत? ह्यांत खेळणारा एक सोंग घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. देशोदेशीची माणसे अंतर्जालावरून एकाच मायानगरीत जमतात आणि टोळ्या करून राक्षसांशी लढतात. १९९९ साली अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' नावाचा असा खेळ निघाला, तेव्हा खेळणाऱ्यांनीच थट्टेने कोकेनच्या एका जबर प्रकारावरून त्याला 'एव्हरक्रॅक' असे नाव पाडले. २००४ साली आलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' तर जगभर पसरला.

ह्या खेळांची गोम तीन गोष्टींत आहे. पहिली, मोलाची वस्तू केव्हा हाती लागेल ते ठाऊक नसते. असे अनिश्चित बक्षीस ठेवले की प्राणी सर्वांत चिकाटीने खटपट करीत राहतो, हे स्किनर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते. दुसरी, ह्या खेळाला शेवट नाही. आपण झोपलो तरी ती नगरी चालूच असते. तिसरी आणि सर्वांत बळकट, तिथे सोबती वाट पाहत असतात.

मग ह्याचे व्यसन लागते का? लागते, पण सर्वांना नाही. २०१३ साली अमेरिकेच्या मनोवैद्यक संघटनेने हा विषय अधिक अभ्यासाचा म्हणून नोंदविला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१९ साली त्यास रोगांच्या यादीत घेतले आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. लक्षणे तीन सांगितली आहेत. खेळण्यावर ताबा न उरणे. इतर सर्व कामांपेक्षा खेळ वरचढ होणे. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. हे साधारण वर्षभर टिकले तरच रोग म्हणावयाचे. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच तो जडतो, असेही ती संघटना म्हणते. तेव्हा नुसते तास मोजून कोणास व्यसनी ठरवू नये.

ही लक्षणे आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे. तो मनाशी ठरवितो की आता जाणार नाही. फाशांचा आवाज कानी येतो, आणि पाय तिकडे वळतात. नळराजा महिनेच्या महिने खेळत राहिला. दारी प्रजा आली, दमयंती रडली, त्याने तोंडातून शब्द काढला नाही. जेवायच्या हाकेला ओ न देणारे पोर आणि दमयंतीला ओ न देणारा नळ ह्यांत फरक किती?

आता पोराच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या वारीला शेवट आहे. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो आणि वारकरी आपल्या शेताकडे परततो. भारुडात सोंग घेतात, पण भारूड संपले की सोंग उतरते. आणि मुख्य गोष्ट पुंडलिकाची. देव दारी आला असता त्याने वीट फेकली आणि आईबापांची सेवा होईपर्यंत थांब म्हटले. देव थांबला, अजून उभा आहे. आमचा देव थांबतो. तो खेळ थांबत नाही. हा भेद आहे. परंतु आजारी आईला टाकून कोणी टाळ कुटायला निघाला, तर त्याचा टाळही व्यसनच होय. हा नियम आम्हांस आधी लागू.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. मुलाला विचारले, "बाळा, त्या खेळात तू कोण असतोस?" त्याचा चेहरा उजळला. "मी वैद्य असतो महाराज. वीस-पंचवीस जण लढतात. मी उठलो तर ते मरतात." माउली चकित होऊन म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाहीस रे!" तो म्हणाला, "तू कधी विचारलं नाहीस."

तिथे आम्हांस आमची चूक कळली. दिंडीत वीणेकऱ्याची, मृदंग्याची, टाळकऱ्याची ज्याची त्याची जागा असते. ह्या पोराला घरी जागा नव्हती, ती त्याने मायानगरीत शोधली. नुसत्या तारा तोडून ती घरात निर्माण होत नाही. दक्षिण कोरियाने २०११ साली कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खेळ बंद केला. २०२२ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला.

आम्ही आमचा 'तारा तोडा' हा सल्ला परत घेतला. मुलाला म्हटले, "वेळ तूच ठरव. ठरल्या वेळी उठता आले तर छंद. आठ दिवसांत उठता आले नाही, तर लाज न धरता आईला सांग." माउलींना म्हटले, "तो सांगेल तेव्हा रागावू नका; वैद्याकडे न्या." बंगळूरच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून ह्याच दुखण्यासाठी स्वतंत्र दवाखाना चालू झाला आहे. आणि तोवर घरातले एक काम असे त्याच्यावर सोपवा, की तो उठला नाही तर ते अडेल.

वाचकहो, ज्याच्या हाकेवर उठता येते तो छंद. आपल्या घरी हाक मारणारे कोणी आहे ना, एवढे मात्र आधी पाहावे.

राम कृष्ण हरी.