न समजल्याची कबुली

दुसऱ्याचें बोलणें समजून घेतांना त्याच्या चुका कितपत पोटांत घालाव्या, हा प्रश्न फार जुना आहे. बोलणारा अडखळला तर ऐकणाऱ्यानें त्याचा आशय ओळखून घ्यावा, ही सौजन्याची रीत आम्ही लहानपणापासून शिकत आलों. परंतु आशय ओळखून घेणें आणि आपल्या मनचें त्याच्या तोंडीं घालणें, यांमधील सीमा कोठें आहे याचा विचार क्वचितच होतो. संगणकाच्या व्यवहारांतील एका क्षुल्लक दिसणाऱ्या कामानें हा प्रश्न आमच्यापुढें नव्यानें उभा केला, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

संगणकावरील पुष्कळ आज्ञावलींना आपण कसें वागावें याच्या सूचना एका लेखी टिपणांत दिलेल्या असतात. हें टिपण अनेकदां एक्सएमएल नांवाच्या लेखनपद्धतींत असतें; वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ती १९९८ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्येक गोष्टीला नांवाची खूण घालावयाची आणि दोन खुणांमध्यें तिचें मूल्य लिहावयाचें, हें तिचें मर्म. परंतु तेथें सर्व कांहीं केवळ अक्षरें. "३०" हा आंकडाही तेथें दोन अक्षरेंच होय. उलट आज्ञावलीच्या पोटांत संख्येचा कप्पा निराळा, दिनांकाचा निराळा, होकार-नकाराचा निराळा, असें आधींच ठरलेलें असतें. टिपणांतील अक्षरें ज्या त्या कप्प्यांत नेऊन बसविणें हें प्रोग्रामरचें काम. टिपण नीटनेटकें असेल तर तें निमूटपणें पार पडतें. पण अनेक हातांनीं अनेक वर्षें लिहिलेलें टिपण नीटनेटकें क्वचितच राहतें.

समजा, रोज रात्रीं दप्तराची नक्कल काढून ठेवावी कीं नाहीं, या सूचनेपुढें एका कारकुनानें "ट्रू" या शब्दाऐवजीं "येस" लिहिलें. माणसाला दोहोंचा अर्थ एकच. पण जावा या भाषेंत असा शब्द होकार-नकाराच्या कप्प्यांत घालण्याची जी नेहमींची सोय आहे, तिचा नियम असा कीं, "ट्रू" दिसलें तर होकार, दुसरें कांहींही दिसलें तर नकार. म्हणजे होकाराचा नकार झाला, आणि तोही चकार शब्द न काढतां! नक्कल निघत आहे या भरंवशावर तो कारकून रोज निश्चिंतपणें घरीं जाणार. मूळ दप्तर नष्ट होईल त्या दिवशींच त्याला खरें कळावयाचें. सी-शार्प भाषेंतील तशीच सोय मात्र "येस" पाहून थांबते, व हें मला समजत नाहीं असें स्पष्ट सांगते. वरवर पाहतां ती अधिक हेकट. पण दोहोंपैकीं प्रामाणिक कोणती, हें सांगावयास नको.

मौनाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सूचना मुळींच न लिहिणें, लिहून जागा रिकामी ठेवणें, आणि शून्य लिहिणें, या तीन निराळ्या गोष्टी होत. परंतु सी-शार्पमधील साध्या संख्येच्या कप्प्यांत कांहींच घातलें नाहीं तर तेथें आपोआप शून्य असतें. मग लिहिणारा गप्प राहिला, कीं त्यानें विचारपूर्वक शून्य मागितलें, हें मागाहून कोणासही कळत नाहीं. म्हणून जाणता प्रोग्रामर असा कप्पा निवडतो कीं ज्यांत "उत्तर दिलेलें नाहीं" यासही स्वतंत्र स्थान असतें.

कोणी म्हणेल, एवढा कडकपणा कशाला? इंटरनेटच्या आद्य रचनाकारांपैकीं जॉन पोस्टेल यांनीं १९८० सालींच सांगून ठेविलें आहे कीं, देतांना काटेकोर असावें, घेतांना उदार असावें. उपदेश थोर खरा, आणि निरनिराळ्या यंत्रांचें एकमेकांशीं जमण्यास तो उपयोगीही पडला. पण उदारपणें स्वीकारलेली चूक दुरुस्त होत नाहीं. ती रूढ होते, आणि पुढें येणाऱ्या प्रत्येकास ती सांभाळीत बसावें लागतें. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डानें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत या धोक्याकडे बोट दाखविलें आहे. एक्सएमएलच्या कर्त्यांनीं तर आरंभींच उलट बाजू घेतली: खुणांची जुळणी चुकली तर वाचणाऱ्या यंत्रानें पुढें जाऊं नये. मात्र हा नियम रूपाच्या चुकीपुरता. आमच्या कारकुनाचें "येस" रूपानें अगदीं निर्दोष आहे. अर्थाची जबाबदारी शेवटीं माणसावरच येते.

आमचें मत असें कीं, उदारपणाला हरकत नाहीं, चोरट्या तर्काला आहे. "येस" हा होकार मानावयाचा तर खुशाल मानावा. पण तो नियम उघड लिहावा, तसें केल्याची नोंद ठेवावी, आणि अर्थ लागत नाहीं तेथें टिपणाची ओळ दाखवून थांबावें. मोडी कागदांचें बाळबोध करणारा जाणता अभ्यासक फाटलेल्या जागीं टिंबें देतो, स्वतःच्या कल्पनेंतील शब्द घालीत नाहीं. त्यांत लिहिणाराचा मान राहतो आणि पुढील वाचकाचाही. ज्याच्या चुकीवर आपण पांघरूण घातलें, त्याला तें पांघरूण दिसलें पाहिजे. "मला समजलें नाहीं" असें म्हणण्यांत कमीपणा मानण्याची खोड माणसांत आहेच. ती निदान यंत्रांस तरी आपण लावूं नये.