यजमानाचा पेला

रशियन कुटुंबांत पाहुण्यापुढें पाव व खारवलेली काकडी यांच्या जोडीस पुष्कळदां घरीं गाळलेली दारू येते. तिला ‘समागोन’, म्हणजे स्वतः गाळलेली, असें म्हणतात. साखरेचें पाणी यीस्ट घालून आंबवावयाचें, तें तापवून वाफ निववावयाची, आरंभींची अपायकारक धार टाकून द्यावयाची, असा तिचा खटाटोप असतो. इतक्या कष्टानें सिद्ध केलेला पेला नाकारण्याचा अधिकार पाहुण्यास आहे काय?

घेणाराचा पक्ष दुबळा नाहीं. १९६० च्या रशियन दंडसंहितेनुसार विक्रीचा हेतु नसतांही अशी दारू गाळणें हा गुन्हा होता. १९८५ सालीं गोर्बाचेव्ह यांनीं मद्याविरुद्ध मोहीम सुरू केली, तेव्हां घरोघर इतकी दारू गाळली जाऊं लागली कीं दुकानांत साखर मिळेनाशी झाली. त्या काळीं परक्यापुढें ती बाटली ठेवणें म्हणजे आपली सुरक्षितता त्याच्या हातीं देणें होतें. आतां स्वतःपुरती गाळणारास तेथें शिक्षा नाहीं. तरी त्या पेल्यांतील विश्वास मोलाचाच आहे.

परंतु विश्वास स्वीकारावयास मद्य प्यालेंच पाहिजे, हें आम्हांस मान्य नाहीं. टॉलस्टॉय यांनीं १८८७ सालीं मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेणारांचा संघ रशियांतच काढला होता; तेव्हां न पिणारा मनुष्य त्या भूमीस अगदींच अपरिचित नव्हे. शिवाय एकट्यानें पिणें तेथें कमीपणाचें मानतात. त्यामुळें पाहुणा हें पिण्याचें निमित्त होतें. ज्या घरांत मद्यानें कोणाची धूळधाण चालविली असेल, तेथें पाहुण्याच्या पेल्याबरोबर त्याचाही पेला भरला जातो. गृहिणीची मुद्रा पाहिली तर हें ओळखणें कठीण नाहीं. अशा ठिकाणीं सभ्यतेसाठीं पिणें ही सभ्यता नव्हे.

ओठ लावल्यासारखें करून दारू हळूच कुंडींत ओतणारा पाहुणा मात्र यजमानास फसवितो. त्यापेक्षां बसतांनाच ‘आम्ही घेत नाहीं’ असें सांगावें, आणि फळांच्या रसाचा पेला उंचावून घरच्या मंडळींस आरोग्य चिंतावें. आपल्या पंगतींतील आग्रहाप्रमाणें तेथेंही दोनदां तीनदां आग्रह होईल. तो हंसून सोसावा. ज्यानें आपणांवर विश्वास टाकला, त्यास खरें उत्तर देणें हेंच पाहुण्याचें पहिलें कर्तव्य होय.