दुसऱ्याचा नंबर

मावशीने कपाटातली नारायणपेठ काढली, काकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि दोघं भर उन्हात रिक्षा करून एका हॉटेलात गेली. फोनवर सांगितलं होतं, तुम्हाला गिफ्ट लागलंय, फक्त जोडीने यायचं. तिथे थंडगार हॉलमध्ये अडीच तास बसवून रिसॉर्टचे फोटो दाखवले. दरवर्षी सात दिवसांची सुट्टी, तीही पंचवीस वर्षं! मावशीचं वय ७१, काकांचं ७५. चेकबुक घरी राहिलं होतं म्हणून वाचले. येताना काचेच्या सहा वाट्यांचा सेट मिळाला, त्यातली एक रिक्षातच फुटली.

"अगं, पण गेलीस कशाला?"

"अरे, ती मुलगी म्हणाली, तुमच्या भाच्यानेच नंबर दिलाय. मग नाही कसं म्हणायचं?"

दिला होता मीच. मॉलमध्ये एक चकचकीत गाडी उभी केली होती, शेजारी काचेची पेटी, दोरीने बांधलेलं पेन. पाच नातेवाइकांची नावं आणि मोबाईल नंबर लिहा, गाडी जिंका. मी सुवाच्य अक्षरात पाचही रकाने भरले. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं, ते वाचायला चष्मा जवळ नव्हता. नको असलेल्या फोनांना आपण दिवसभर शिव्या घालतो. त्यातल्या काही फोनांचा रस्ता आपल्याच हाताने आखलेला असतो, हे मला त्या फुटलेल्या वाटीने दाखवलं.

सरकारी बंदोबस्त नाही असं नाही. नकोसे फोन रोखण्यासाठी आपल्याकडे २००७ पासून नोंदवही आहे, पुढे २०१० आणि २०१८ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम नव्याने केले. १९०९ वर फोन किंवा एसएमएस करून जाहिरातीचे फोन बंद करता येतात. जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. तरी साध्या दहा आकडी मोबाईलवरून फोन येतातच, कारण १४० दिसलं की आपण उचलत नाही, हे त्यांनाही कळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी आवळले. अशा बिगरनोंदणीकृत नंबरांविरुद्ध तक्रार करायला आता स्वतःचं नाव आधी नोंदवलेलं असण्याची गरज नाही, फोन आल्यापासून सात दिवसांत ती करता येते, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी त्या नंबरवाल्यावर कारवाई सुरू होऊ शकते. पाच! एका मजल्यावरची माणसं मनावर घेतील तर जमेल एवढा आकडा. पण आपण नंबर ब्लॉक करतो आणि तो उद्या शेजाऱ्याला वाजतो.

फोनवरच्या मुलीला शिवीगाळ करून मात्र काही साधत नाही. ती दिवसाला ठरलेले फोन फिरवते, समोर कागद असतो तो वाचते. "नको, धन्यवाद" म्हणून फोन ठेवावा. फोन ठेवणं उद्धटपणाचं असतं हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की ते खोट्या पोलिसाचंही शेवटपर्यंत ऐकून घेतात. 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही, हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा असतो, हेही घरातल्या म्हाताऱ्यांना आपणच सांगायला हवं.

मुद्दा मात्र नंबरचा. माझा नंबर कुणाला द्यायचा ते मी ठरवीन. त्या चिठ्ठीखालच्या बारीक अक्षरांना मी संमती दिली असेल, तर ती माझ्यापुरती. मावशीची संमती मी कुठून आणली? रिझर्व्ह बँकेला हे कळलं. कर्ज देणारी ॲप्स कर्जदाराच्या फोनमधली सगळी नावं उचलत, आणि हप्ता चुकला की त्याच्या साडूपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळ्यांना फोन जात. म्हणून सप्टेंबर २०२२ च्या नियमांत फोनमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायला या ॲप्सना मनाई झाली. आपल्याला मात्र कुठलंही ॲप "कॉन्टॅक्ट्स पाहू का?" विचारतं आणि आपण "हो" दाबतो. त्या एका दाबात डॉक्टर, व्याही, मुलीची मैत्रीण, सगळे जातात.

विम्याच्या एजंटाला आपण दहा नावं देतो, कारण तो समोर चहा घेत बसलेला असतो आणि संकोच वाटतो. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत आधी आलेल्या पन्नास जणांचे नंबर उघडे पडलेले असतात, कुणीही फोटो काढावा. प्लंबरचा नंबर ग्रुपवर टाकला तर तो खूशच होईल, त्याचा धंदाच तो. पण स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा नंबर आपण तितक्याच सहज टाकतो, त्यांना न विचारता. मग त्यांना रात्री दहाला अनोळखी माणसांचे फोन येतात. कुणाला बोलणार त्या? कामावर तर पुन्हा यायचंय.

चाळीत आमच्याकडे फोन नव्हता. लग्नपत्रिकेवर पी.पी. नंबर छापायचा, म्हणजे शेजारच्या काकूंचा. छापखान्यात जायच्या आधी आई त्यांच्याकडे जाऊन विचारून यायची, "तुमचा नंबर घातला तर चालेल ना?" काकू कधी नाही म्हणाल्या नाहीत. तरी आई दरवेळी विचारायची. तेव्हा एक फोन वीस घरांना पुरत होता आणि त्याची किंमत सगळ्यांना माहीत होती.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सूचना दिली, की मोबाईल नंबरसाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका. काउंटरवर तिचा मागमूस नसतो. परवा कापडाच्या दुकानात पायजमे घेतले. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "नंबर?"

"नाही द्यायचा."

"नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही, सर. घरातल्या कुणाचाही चालेल."

कुणाचाही. मावशीचा तोंडपाठ आहे मला. मागे रांग, एकाने खाकरून दाखवलं. मी म्हटलं, "मग पायजमे राहू देत."

तिने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि दहा वेळा नऊ दाबला. बिल निघालं.